पाटणची वाट आणि विजेची मोटार

कऱ्हाडहून चिपळूणला जाणाऱ्या रस्त्यावर, कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमाजवळ पाटण वसले आहे. पुढे कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. घाटाखाली पोफळीला १९६२ सालापासून कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होते. आता विजेच्या मोटारीही या रस्त्याला दिसू लागल्या आहेत. आपल्या घरी तसा विचार चालू असेल, तर एक गोष्ट ध्यानात घ्या.

२०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीला एका चार्जिंगमध्ये ३१२ किलोमीटरचा दाखला होता. आकडा खोटा नव्हे. पण ती चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर होते. तेथे वेग ताशी ९० च्या वर जात नाही, सरासरी तर त्याच्या निम्म्याहून कमी. संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावरचा उतारा आपल्या रानात जसाच्या तसा येत नाही, तसेच हे. ताशी ७० ऐवजी १०० ने गेलात, तर हवेचा अडथळा दुप्पट होतो. घाट चढताना बॅटरी भराभर उतरते; खाली येताना थोडी भरते, पण खर्चलेले सगळे परत मिळत नाही.

म्हणून महामार्गावर दाखल्याचा दोन तृतीयांशच हिशेब धरा. ३१२ चे २०८ झाले. पाटणहून पुणे पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर. रात्री आजारी माणूस घेऊन निघालात, तर शिल्लक काय उरली? तेव्हा वाटेतले चार्जिंग केंद्र आधीच पाहून ठेवा आणि वेग ऐंशीच्या आत राखा. कऱ्हाडला जाऊन येण्यास मात्र ही मोटार निर्धास्त काढा.