भांडणानं राखलेले रस्ते

यावलला रेल्वे नाही. तापीपलीकडं भुसावळ, पूर्वेला सावदा, निंभोरा, रावेर. गाडी पकडायची तर तिकडं जायचं. म्हणून खानदेशातल्या दळणवळणाचा इतिहास लिहिणारे भुसावळच्या यार्डात रमतात आणि यावलला दोन ओळींत उरकतात. मोडी वाचून देणं आणि जुने गावनकाशे उलगडून दाखवणं हा माझा धंदा. माझ्यापुढं येणारा यावलचा कागद मात्र बराच बोलका असतो.

गावनकाशा पसरला की बोट आधी तुटक रेघा शोधतं. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. रस्त्याखाली गेलेली जमीन ज्याच्या त्याच्या पोटखराबात, म्हणजे पिकाखाली नसलेल्या जमिनीत, धरलेली. बांधावरून शेतात जायच्या वाटा मात्र नकाशात नसतातच, आणि निम्मी भांडणं तिथलीच. केळीचे घड बागेतून काढायला बैलगाडी होती तोवर शेजारी काही बोलत नव्हता. ट्रॅक्टर आला, ट्रक बांधापर्यंत आणायची वेळ आली, की तहसीलदारांपुढं दावा. कोणी 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम 5 काढतो, कोणी महसूल संहितेचं 143. मग स्थळपाहणी, पंचनामा, जबाब. आजोबा कोणत्या वाटेनं कापूस न्यायचे, नाल्याला पाणी आलं की वळसा कुठून होता, हे सगळं त्या जबाबांत असतं. इतकी बारीक माहिती कुठल्याच गॅझेटिअरात मिळायची नाही. जिथं वाद झाला नाही तिथं कागदही नाही. गुण्यागोविंदानं वापरलेली वाट पुढच्या पिढीला सिद्ध करता येत नाही!

गंमत अशी, की 1852 साली इंग्रजांची मोजणी आली तेव्हा सावदा, रावेर, चोपडा भागातल्या रयतेनं तिला कडाडून विरोध केला होता; सरकारला फौज धाडावी लागली. आज त्याच भागातले लोक मोजणीच्या नकलेसाठी खेटे घालतात.

एकेकाळी देशी कागद आणि नीळ यांसाठी यावल प्रसिद्ध होतं, असं 1880 चं खानदेश गॅझेटिअर सांगतं. तो माल कुठल्या वाटेनं गेला, किती बैलांवर, हे त्यात नाही. धुळ्याचं राजवाडे मंडळ, मुंबईचं पुराभिलेखागार इथं कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, सोडले की जकातीचे, वसुलीचे कागद निघतात. सरकारनं ज्यावर पैसा घेतला ते लिहिलं, बाकीचं धुळीत गेलं. फैजपूरचंही तसंच. ते याच यावल तालुक्यातलं. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसच्या अधिवेशनाला नेहरू चित्रकार नंदलाल बोसांनी सजवलेल्या बैलांच्या रथातून आले, हे सगळ्यांना ठाऊक. त्या दिवसांत आसपासच्या गावांतून माणसं आणि सामान ओढणाऱ्या साध्या गाड्यांचा हिशेब कुणी ठेवला? रथापेक्षा मला त्या गाड्यांचा कागद हवा आहे.

तेव्हा एक विनंती. माळा झाडताना केळीच्या वाघिणींच्या जुन्या पावत्या, ट्रकच्या बिल्ट्या, अडतीची बिलं, एसटीचे पास सापडले तर रद्दीवाल्याला देऊ नका. ठेवायला जागा नसेल तर फोटो काढा, गाव आणि साल लिहा, आणि एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात द्या.