जामघाटाच्या वाटेवरचा पिवळा दिवा

इंदूरच्या मराठी घरांत महेश्वरला ‘जाणे’ असे कोणी म्हणत नाही, ‘जाऊन येणे’ असे म्हणतात. अहिल्याबाईंची राजधानी, नर्मदेचा घाट आणि लग्नसराईच्या तोंडावर एखादी महेश्वरी साडी, एवढी कारणे आम्हां माळव्यातल्या मराठी मंडळींना पिढ्यान्‌पिढ्या पुरत आली आहेत. २०२५ साली अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हापासून आमच्या मातोश्रींनी एकच ध्यास घेतला होता. “एकदा घाटावर नेऊन बसव, मग माझे काही मागणे नाही.” वय त्र्याऐंशी. बसची पायरी आता त्यांना चढवत नाही. आणि आमच्यापाशी वाहन म्हणाल तर सव्वीस वर्षांची स्कूटर.

अखेर भविष्यनिर्वाह निधीला हात लावला आणि आमच्या आयुष्यातली पहिली मोटार दारात उभी राहिली. पौष लागण्यापूर्वी ती घरी यावी असा सौभाग्यवतींचा कटाक्ष होता, तोही पाळला. कुंकवाचे स्वस्तिक काढले, झेंडूची माळ घातली, चारही चाकांखाली लिंबे चिरडली. गाडीबरोबर आलेली जाडजूड पुस्तिका मात्र प्लास्टिकच्या वेष्टनासकट समोरच्या कप्प्यात सारून दिली. ज्याने तीस वर्षे मुलांना ‘आधी धडा वाचा, मग प्रश्न विचारा’ असे बजावले, त्या मुख्याध्यापकाच्या हातून हे घडले याची नोंद येथे प्रथमच करून ठेवतो.

गाडी एकोणीस दिवसांची असताना एका रविवारी, पौषातल्या कडाक्याच्या थंडीत, पहाटे सहाला आम्ही निघालो. चिरंजीव चालवीत होते, शेजारी आम्ही, मागे मातोश्री आणि सौ. राऊ यायच्या सुमारास चक्राच्या मागच्या काचेत एक पिवळा दिवा उजळला. आकृती घोड्याच्या नालेसारखी, खालून दातेरी, आणि पोटात उद्गारचिन्ह. मराठी व्याकरणात हे चिन्ह हर्ष, शोक, आश्चर्य अशा भावनांपुढे येते, हे आम्ही वर्गात शेकडो वेळा सांगितले असेल. यंत्राला यांपैकी कोणती भावना दाटून आली असावी, याचा मात्र उलगडा होईना.

चिरंजीवांनी गाडी बाजूला घेतली आणि विक्रेत्याच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडून झोपाळलेल्या आवाजात उत्तर आले की तो टायरच्या हवेचा दिवा आहे, थंडीत असे होते, हवा भरून घ्या. नव्या गाडीत काळजीचे कारण नाही. जवळच्या पेट्रोलपंपावर हवा भरली. थोडे अंतर जाताच दिवा विझला. आम्ही विजयी मुद्रेने मागे पाहिले.

महू मागे पडले. याच गावी १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, आणि २००३ पासून गावाचे अधिकृत नावही त्यांचेच आहे. बोलण्यात मात्र जुने ‘महू’ अजून टिकून आहे. येथून धामणोदचा हमरस्ता सोडून आम्ही जामघाटाची वाट धरली. दोन्ही बाजूंना गहू आणि हरभऱ्याची शेते, त्यांच्यावर तरंगणारे धुके, मधूनच गुळाच्या चहाचा धूर. अशा रम्य वेळी तोच दिवा पुन्हा उजळला.

“बाबा, थांबून बघू या का?” चिरंजीवांनी विचारले.

खरे सांगायचे तर आम्हांला राग आला. दिव्याचा नव्हे, व्यत्ययाचा. उन्हे चढण्यापूर्वी मातोश्रींना घाटावर नेण्याचा बेत होता. शिवाय एवढे पैसे मोजून घेतलेल्या नव्या वस्तूत दोष असू शकतो, ही कल्पनाच मनाला रुचेना. आम्ही म्हणालो, “थंडीचा दिवा आहे, सांगितले ना त्यांनी! तुमच्या आईची एक टिकली लाव त्यावर, म्हणजे दिसायचा नाही.”

सगळे हसले. मातोश्री हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “अरे, देवापुढचा दिवा फडफडला तर आपण तेल बघतो. डोळे मिटून घेतो का?”

चिरंजीवांनी गाडी थांबवली आणि कप्प्यातली पुस्तिका काढून तिचे वेष्टन फाडले. त्या पाच मिनिटांत जे ज्ञान झाले ते वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. गाडीतल्या दिव्यांना रंगांची भाषा असते. हिरवा किंवा निळा दिवा नुसती वार्ता देतो. पिवळा सांगतो की जपून चला आणि लवकर तपासा. तांबडा दिवा, विशेषतः तेलाच्या दाबाचा किंवा इंजिन तापल्याचा, म्हणजे सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. आमच्या गाडीत हवा नेमून दिलेल्या मापापेक्षा सुमारे पाव हिश्शाने घटली की तो नालेचा दिवा लागतो. थंडीने हवेचा दाब उतरतो हे खरेच. तापमान साडेपाच-सहा अंशांनी घसरले की साधारण एक पौंड. परंतु थंडी चारही चाकांना सारखीच लागते. चारही चाकांत दाब सारखा उतरला तर दोष ऋतूचा. एकाच चाकात उतरला तर दोष त्या चाकाचा.

आणि कोणत्या चाकात किती हवा आहे, हे त्याच काचेत एक बटण दाबले की दिसते, हा शोधही तेथेच लागला. आकडे उमटले : ३३, ३३, ३४ आणि मागच्या डाव्या चाकापुढे २५. राऊला भरलेली हवा तासाभरात एकट्या त्याच चाकातून निघून चालली होती.

सावकाश पुढे गेल्यावर पंक्चर काढणाऱ्याचे एक दुकान लागले. म्हणजे चार बांबू, त्यांवर ताडपत्री, आणि फळीला टांगलेला जुना टायर. आतला तरुण शेकोटीपासून उठला, चाक उतरवले, त्यावर साबणाचे पाणी ओतले. एका जागी बारीक बुडबुडे फुलू लागले. चिमट्याने त्याने एक खिळा उपसला, करंगळीच्या पेराएवढा. बिनट्यूबच्या टायरात खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही; खिळाच त्या भोकाचे बूच होऊन बसतो आणि हवा हळूहळू झिरपत राहते. म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला चाक धडधाकट दिसते. हवा कमी असलेल्या टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकतात, वाकून तापतात, आणि भरल्या गाडीत, भर वेगात, असा तापलेला टायर फुटू शकतो. आमच्यापुढे जामघाटाची वळणे होती आणि मागच्या बाकावर, त्याच चाकाच्या वर, मातोश्री बसल्या होत्या.

भोकात रबरी वात ठासून त्याने चाक परत बसवले. आमच्या खिशातली दोन पेने पाहून आमचा व्यवसाय त्याने ओळखला असावा. पैसे घेताना म्हणाला, “मास्साब, बत्ती ने तो सच ही बोला था. गाड़ी नई है, सड़क तो पुरानी है.” लिंबांनी नजर उतरली असेल, रस्त्यावरचा खिळा उतरला नव्हता.

जामदरवाजापाशी पोहोचलो तेव्हा धुके विरले होते. अहिल्याबाईंच्या काळचा हा दुमजली दरवाजा विंध्याच्या अगदी कड्यावर उभा आहे. त्याच्या कमानीत उभे राहिले की मागे माळव्याचे पठार आणि पायाखाली निमाडचे विस्तीर्ण खोरे. मातोश्रींनी गाडीतूनच हात जोडले. उतरणीला चिरंजीव खालच्या गिअरमध्ये, सावकाश, एकेक वळण उलगडीत होते. आम्ही निसर्ग पाहण्याऐवजी त्या काचेकडे पाहत होतो. दिवा पुन्हा लागला नाही.

घाट उतरून मंडलेश्वर आले. आद्य शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद येथेच झाला, अशी या गावाची परंपरा सांगते. पंचाच्या जागी मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती. तिने दोघांच्या गळ्यांत फुलांच्या माळा घातल्या आणि ज्याची माळ कोमेजेल तो हरला असे ठरवले. माळ कोमेजली ती तिच्याच पतीची, आणि तिने ते पाहून न पाहिल्यासारखे केले नाही. ही कथा आम्ही वर्गात किती रंगवून सांगत असू! सांगत होतो ती येथूनच काही कोसांवर असलेल्या एका खेड्यातल्या शाळेत. १९९५ साली आमची पहिली नेमणूक तेथे झाली होती.

त्या फाट्यावरून गाडी पुढे गेली आणि सकाळपासून मनात जे टोचत होते ते वर आले. आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. चुणचुणीत, पुढचे शिक्षण मंडलेश्वरला घेता येईल का, असे तिने एकदा धीर करून विचारलेही होते. कापूस वेचणीचे दिवस आले तशी ती बाजाराच्या दिवशी गैरहजर राहू लागली. मग आठवड्यातून दोन दिवस, मग तीन. हजेरीपटावर तिच्या नावापुढे तांबड्या शाईने ‘अ’ आम्हीच लिहीत होतो. निमाडात या दिवसांत मुले शेतावर जातातच, अशी मनाची समजूत घातली होती. पण वेचणीचे दिवस साऱ्याच मुलांना सारखे होते; बाकीची परत आली, तिच्या एकटीच्या रकान्यात ‘अ’ वाढत राहिले. महिनाअखेरी उपस्थितीची सरासरी आम्ही दशांशापर्यंत अचूक काढली आणि तपासनीसांनी तिच्याखाली समाधानाचा शेरा दिला. होळीनंतर कळले की तिचे लग्न होऊन गेले. वय चौदा. कायदा तेव्हाही होता. तिच्या घरचे दार शाळेपासून पाच मिनिटांच्या अंतरावर होते, आणि आम्ही एकदाही गेलो नव्हतो.

महेश्वरला पोहोचायला उशीर झालाच. तरी घाटावर ऊन कोवळे होते. पायऱ्या उतरवताना एका बाजूने सौभाग्यवतींनी, दुसऱ्या बाजूने चिरंजीवांनी मातोश्रींना धरले. त्यांनी पाण्यात पाय सोडले, ओंजळ भरून डोळ्यांना लावली आणि पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. वर किल्ल्याची भिंत, समोर संथ नर्मदा, पात्राच्या मध्यभागी बाणेश्वराचे लहानसे देऊळ. येताना त्यांनी तांब्याचा गडू भरून घेतला. राजवाड्यात अहिल्याबाईंची साधी गादी पाहून, सौभाग्यवतींना साडी घेऊन आम्ही दिवस मावळण्यापूर्वी परत फिरलो. दरवाजापाशी चिरंजीवांनी बटण दाबून चारही आकडे पाहिले आणि न विचारताच आम्हांला वाचून दाखवले.

रात्री ती पुस्तिका आम्ही पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

सोमवारी प्रार्थना आटोपल्यावर साऱ्या वर्गांचे हजेरीपट खोलीत मागवले. शिक्षकांना वाटले, तपासणी येणार आहे. सातवीच्या पटावर एका नावापुढे गेल्या महिन्यात अकरा तांबडे ‘अ’ होते. वर्गशिक्षक म्हणाले, “सर, थंडीमुळे येत नसेल.” आम्ही इतरांचे रकाने पाहिले. थंडी बाकीच्यांना लागलेली नव्हती.

दुपारच्या सुटीत त्याच्या घराचा पत्ता घेऊन आम्ही निघालो.