सीमा आखताना विचारायचे कोणाला?

१) सुरत-भुसावळ मार्गावरील नवापूर स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. त्याची छायाचित्रे आपण गंमत म्हणून पाहतो. मी धुळ्याचा. पदव्युत्तर अभ्यासात संघराज्याचा विषय हाती घेतल्यापासून मात्र त्या सीमारेषेकडे गंमत म्हणून पाहणे मला जमत नाही.

२) १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. ज्या मुंबई पुनर्रचना कायद्याने ते घडले, त्याच कायद्याने पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावे गुजरातला दिली. त्यांची यादी कायद्याच्या परिशिष्टात आहे. गावकऱ्यांना विचारण्याची सक्ती मात्र घटनेत नव्हती आणि आजही नाही.

३) याचे मूळ अनुच्छेद ३ मध्ये आहे. संसद साध्या बहुमताने राज्याची सीमा बदलू शकते. विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. १९५६ साली मुंबई विधिमंडळापुढे आलेल्या विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई असे तीन घटक होते. संसदेने त्याऐवजी द्वैभाषिक मुंबई राज्य निर्माण केले. मत पुन्हा मागवायला हवे होते, हा बाबूलाल पराते यांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये अमान्य केला.

४) कॅनडाची वाट वेगळी आहे. तिथे १८७१ च्या घटनात्मक कायद्यापासून प्रांताची सीमा बदलण्यास त्या प्रांताच्या विधिमंडळाची संमती आवश्यक ठरली. संघराज्याच्या अभ्यासकांना हा नियम अधिक न्याय्य वाटणे स्वाभाविक आहे.

५) परंतु १९१२ मध्ये क्वेबेकची सीमा उत्तरेकडे वाढली, तेव्हा संमती विधिमंडळाची होती. त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या क्री आणि इन्युइट लोकांना कोणीच विचारले नाही.

६) उलट, संमतीची अट असती तर तेलंगण झालेच नसते. आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये ते विधेयक फेटाळले होते. म्हणून अनुच्छेद ३ ला सरसकट दोष देणे मला पटत नाही.

७) तरीही प्रश्न उरतोच. केंद्र मोठे की राज्य, या वादात सीमेवरचा भिल्ल किंवा मावची शेतकरी कुठे असतो? त्याचे शेत जागचे हलत नाही; बदलते ती कचेरी आणि तिची भाषा. तुमच्या घरात १९६० आठवणारे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना अवश्य विचारा आणि लिहून ठेवा. कायद्याने विचारले नाही, निदान इतिहासाने तरी विचारावे.