श्रीलंकेची सहल आणि शेवटच्या दिवशीचं पाकीट

आठ दिवसांची श्रीलंकेची सहल संपत आली आहे. गाडी गॉलहून कटुनायकेच्या विमानतळाकडे निघाली आहे आणि मागच्या सीटवर तुमची मराठीत कुजबुज सुरू आहे.

‘‘किती द्यायचे? पाचशे पुरतील का?’’

‘‘अहो, आठ दिवस होता तो आपल्याबरोबर. हजार तरी द्या.’’

‘‘पण पॅकेजचे पैसे भरलेत ना आपण?’’

पुढे बसलेला ड्रायव्हर काहीच बोलत नाही. पण तो कित्येक वर्षं भारतीय पाहुण्यांना फिरवतोय, हिंदी सिनेमे पाहतोय. ‘पाचशे’ आणि ‘हजार’ हे शब्द त्याला नक्की कळतात. आठ दिवस छान जमलेली गट्टी शेवटच्या तासात अवघडून जाते.

हा अवघडलेपणा टाळता येतो. त्यासाठी खूप पैसे लागत नाहीत, फक्त निघण्याआधी घरी बसून थोडा विचार करावा लागतो.

एकच माणूस, दोन कामं

श्रीलंकेत कुटुंबासाठी खासगी गाडी घेतली की बहुतेक वेळा ड्रायव्हर हाच गाइड असतो. तिथे अशा माणसाला ‘शोफर गाइड’ म्हणतात आणि त्याला श्रीलंकेच्या पर्यटन विकास प्राधिकरणाचा परवाना घ्यावा लागतो. तो गाडी चालवतो, रस्त्यात इतिहास सांगतो, तिकिटाच्या रांगा कुठे कमी असतात ते सांगतो आणि तुमच्या आजींना कमी तिखट जेवण कुठे मिळेल हेही शोधतो.

सिगिरियाच्या कड्यावर किंवा मोठ्या अवशेषांच्या ठिकाणी स्थानिक गाइड वेगळा घेता येतो. त्याचे पैसे आधी ठरवून त्याच दिवशी द्यायचे असतात. सिगिरियाच्या जवळपास १,२०० पायऱ्या चढताना कुणी आपणहून हात धरून मदत करू लागलं, तर तीही सहसा फुकट नसते. नको असेल तर पहिल्याच पायरीवर हसून ‘नको’ म्हणा. वर पोहोचल्यावर वाद घालण्यापेक्षा ते बरं.

न दिसणारं काम

कँडीहून एल्लाला जाणारी निळी रेल्वे तुम्ही फोटोत पाहिली असेल. चहाचे मळे, धबधबे, बोगदे असा तो सहासात तासांचा प्रवास प्रत्येकाला करायचा असतो. तुम्ही खिडकीत बसून फोटो काढत असता, तेव्हा तुमचा ड्रायव्हर सगळ्या बॅगा घेऊन रिकामी गाडी घाटरस्त्याने चालवत असतो. गाडी उशिरा आली तरी एल्लाच्या स्टेशनबाहेर तो उभा असतो.

रात्रीचंही तसंच. तिथली अनेक मोठी हॉटेलं ड्रायव्हरसाठी वेगळी खोली आणि जेवण देतात. पण छोट्या होमस्टेमध्ये ती सोय असेलच असं नाही. मग तो दुसरीकडे स्वस्त खोली शोधतो, कधी गाडीतच झोपतो. म्हणून बुकिंग करतानाच एजंटला विचारा, ‘ड्रायव्हरच्या राहण्याजेवण्याचा खर्च पॅकेजमध्ये आहे ना?’ हा एक प्रश्न टिपेइतकाच मोलाचा आहे. रात्री नीट झोपलेला ड्रायव्हर सकाळी तुमच्या मुलाबाळांना घाटातून सुखरूप नेतो.

या लोकांनी गेल्या काही वर्षांत बरंच सोसलंय. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले, २०२० मध्ये कोरोना आला आणि २०२२ मध्ये देशावर आर्थिक संकट कोसळलं. तेव्हा पेट्रोलसाठी लांबच लांब रांगा लागत आणि क्यूआर कोड दाखवून आठवड्याचा ठरावीक कोटाच मिळे. पर्यटक नाही तर फेरी नाही आणि फेरी नाही तर कमाई नाही, असा हा धंदा आहे.

मग किती द्यायचं?

टिप देणं श्रीलंकेत कायद्याने सक्तीचं नाही, पण चांगल्या सेवेनंतर ती अपेक्षित असते. साधारण अंदाज असा धरा :

• ड्रायव्हर-गाइडला दिवसाला १,५०० ते ३,००० श्रीलंकन रुपये. ही रक्कम माणशी नाही, तर पूर्ण कुटुंबाची मिळून आहे.

• दोन कुटुंबं एकाच व्हॅनमध्ये असतील तर वर्गणी काढा आणि एकाच पाकिटात द्या.

• हॉटेलात बॅगा उचलणाऱ्याला एका बॅगेमागे १०० ते २०० श्रीलंकन रुपये.

• हॉटेल-रेस्टॉरंटच्या बिलात बऱ्याचदा १० टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो. बिल वाचा, मगच वर काही ठेवायचं का ते ठरवा.

एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात. दर बदलत राहतो, म्हणून निघताना एकदा पाहून घ्या. म्हणजे आठ दिवसांचे १२,००० ते २४,००० श्रीलंकन रुपये, आपले साडेतीन ते सात हजार झाले. हा आकडा शेवटच्या दिवशी ऐकला तर जड वाटतो. सहलीच्या बजेटमध्ये तिकीट आणि हॉटेलच्या खाली तोही लिहून ठेवला, तर जड वाटत नाही. बजेट कमी असेल तर कमी द्या, पण तेही आधी ठरवा.

दुकानातलं कमिशन

कँडीच्या वाटेवर मातालेजवळ मसाल्यांच्या बागा लागतात. कँडीत रत्नांची दुकानं असतात. गाडी तिथे थांबते, चहा मिळतो आणि मग गुडघेदुखीचं तेल किंवा नीलमची अंगठी समोर येते. अनेक दुकानं आणलेल्या पाहुण्यांच्या खरेदीवर ड्रायव्हरला कमिशन देतात. ते पैसे शेवटी तुमच्याच बिलातून जातात.

यात चिडण्यासारखं काही नाही. ज्याला टिपेचा भरवसा नाही, तो कमिशनकडे वळणारच. पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगा, ‘‘आम्हाला खरेदी करायची नाही. तो वेळ नुवारा एलियात घालवू. तुमचं आम्ही शेवटी नीट पाहू.’’ आणि मग शब्द पाळा. दुकानंही टाळायची आणि टिपही टाळायची, हे काही बरोबर नाही.

देताना हे लक्षात ठेवा

• पैसे श्रीलंकन नोटांमध्ये द्या. एटीएममधून अनेकदा ५,००० च्या नोटा येतात, त्या वाटेत सुट्या करून घ्या.

• उरलेली भारतीय किंवा इतर परदेशी नाणी देऊ नका. तिथे ती कुणी बदलून देत नाही.

• यूपीआय फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेतल्या दुकानांत क्यूआर कोडवर चालू झालं आहे, पण टिपेसाठी रोख रक्कमच बरी.

• विमानतळाच्या गर्दीत नको. शेवटच्या चहाच्या थांब्यावर, पाकिटात घालून, हातात द्या.

• मुलांना बरोबर घ्या. सिंहली भाषेत ‘खूप आभार’ला ‘बोहोम इस्तुती’ म्हणतात. आपल्या ‘स्तुती’चंच हे भावंडं आहे, म्हणून मुलांच्या लगेच लक्षात राहतं. ड्रायव्हर तमीळ असेल तर ‘नंद्री’ म्हणा.

• सेवा खरंच वाईट असेल, गाडी बेफाम चालवली असेल, तर टिप कमी करा, पण कारण सांगा आणि एजंटलाही कळवा. गप्प राहून रागाने निघून गेलात तर पुढच्या पाहुण्यांचंही तेच होईल.

देश बदलला की रीत बदलते

श्रीलंकेचा हा हिशेब सगळीकडे चालत नाही. जपानमध्ये टिपेची पद्धतच नाही. तिथे टॅक्सीवाला सुटे पैसे परत करतो आणि तुम्ही आग्रह केलात तर तोच संकोचतो. इजिप्तमध्ये उलट, पिरॅमिडपासून स्वच्छतागृहापर्यंत ‘बक्षीश’ मागितलं जातं. तो शब्द आपल्या ओळखीचा आहे, कारण आपलं ‘बक्षीस’ही त्याच फारसी मुळातून आलंय. म्हणून कुठेही जाण्याआधी व्हिसा, हवामान आणि चलन पाहता, तशी तिथली टिपेची रीतही पाहून घ्या.

आपल्याकडे दिवाळीला घरकाम करणाऱ्या मावशींना, वॉचमनना आपण पोस्त देतो. ती देताना मागच्या खोलीत कुजबुज होत नाही. रक्कम आधी ठरलेली असते, पाकीट तयार असतं आणि देताना दोन शब्द गोड बोलले जातात.

तेच पाकीट या वेळी सामानात टाका. गॉलहून परतताना मागच्या सीटवर मग फक्त फोटो पाहणं चालू असेल आणि पुढे बसलेला माणूस विचारेल, ‘‘पुन्हा कधी येणार?’’