विनवणी नको, नियम हवा

फटाक्यांचा विषय निघाला की घरोघरी दोन तट पडतात. एक म्हणतो, "वर्षाचा सण आहे, पोरांना वाजवू द्या की!" दुसरा म्हणतो, "सरसकट बंद करून टाका हे थेर!" आणि या दोघांच्या मध्ये आपण उभ्या असतो. एका हातात चकलीचा सोऱ्या, दुसऱ्या हातात सामानाची यादी. फटाके आणायचे तर आपणच, आणि नाही आणायचे तर मुलांचं रुसणं ऐकायचं तेही आपणच!

आमच्या घरात तर हा वाद जरा जास्तच नाजूक आहे. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, गेली कित्येक वर्षं दमा आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारपासूनच त्यांच्या खोलीची खिडकी बंद होते, फटीत ओला पंचा लागतो आणि उशाशी पंप येतो. पण नाना कधी तक्रार करतील तर शपथ. खालच्या मजल्यावरची मुलं विचारायला आली, "नाना, त्रास होत नाही ना?" की हे आपले हसून म्हणणार, "छे छे! वाजवा रे, आम्हीसुद्धा लहानपणी पुष्कळ वाजवलेत." आणि मग रात्री दोन वाजता पलंगावर उठून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून श्वास घेताहेत, हे मी पाहिलेलं आहे. मी काही बोलायला गेले की म्हणतात, "सूनबाई, माझ्यापायी पोरांची दिवाळी बुडायला नको."

तुमच्याही घरात किंवा शेजारी असं कोणी ना कोणी असेलच. नुकतीच बाळंत झालेली लेक असेल, हृदयाचं दुखणं असलेले काका असतील. यांनी काय करावं? दारोदार जाऊन हात जोडावेत? आपल्याकडे सणाच्या दिवशी "नको" म्हणणारा माणूस कटकट्या ठरतो. म्हणून बिचारे गप्प बसतात.

मी दुपारच्या वेळात एका शाळेत शिकवायला जाते. मुलांना सांगण्यासाठी म्हणून मी फटाक्यांच्या कायद्याची माहिती जमवायला घेतली, आणि मला आश्चर्यच वाटलं. नानांना जे बोलता येत नाही, ते नियमांत केव्हाचं लिहून ठेवलेलं आहे!

आपल्याकडचा स्फोटकांचा कायदा १८८४ सालचा. आपण ज्याला हौस म्हणतो ती वस्तू सरकारच्या लेखी स्फोटक आहे. ती करायला, साठवायला आणि विकायला परवाना लागतो. हे काम पाहणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपूरला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला फटाके विकायला बसवणं कायद्याला मंजूर नाही. दिवाळीत दुकानावर दहा-बारा वर्षांची पोरं सर्रास दिसतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुकानांचे नियम २००८ सालचे आहेत. तात्पुरती दुकानं न जळणाऱ्या सामानाची हवीत, दोन दुकानांत निदान ३ मीटरचं अंतर हवं, समोरासमोर तोंड करून ती नसावीत, आत दिवा किंवा उघडी ज्योत नसावी, आणि एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकानं नसावीत. आता आपला बाजार डोळ्यांसमोर आणा. बांबू, कापडी मांडव, दुकानाला लागून दुकान! एक ठिणगी पडली तर पळायला जागा कुठे आहे? म्हणून यादी घेऊन निघाल की आधी दुकान निवडा, फटाका मागाहून. जिथे परवाना दर्शनी लावलेला असेल आणि बाजूला वाळू-पाण्याच्या बादल्या असतील, तिथेच पाकीट उघडा.

आवाजाचाही हिशेब आहे. १९९९ सालच्या नियमाप्रमाणे, फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायला किंवा विकायला मनाई आहे. आता हे ४ मीटर म्हणजे किती? पाचवारी साडी उलगडून जमिनीवर पसरली तर तिच्यापेक्षा थोडं कमीच! आणि अंतर निम्म्यावर आलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. मी आठवीच्या मुलांना मैदानावर दोरीने ४ मीटर मोजायला लावले आणि सांगितलं, "आता घरी जाऊन तुमची फटाके लावायची जागा मोजा." दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या चाळीच्या गॅलरीची रुंदी दीड मीटरसुद्धा भरत नाही. आम्ही तर तिथेच लावतो!" वर्गात एकदम शांतता पसरली. आकडे पाठ करून जे कळलं नसतं, ते एका दोरीने कळलं.

वेळेचं म्हणाल तर २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत, आणि रुग्णालयं, शाळा यांच्या शांतता क्षेत्रात तर कधीच नाहीत. म्हणजे नरकचतुर्दशीला पहाटे चारला "पहिला फटाका कोणाचा" ही जी चुरस लागते, ती नियमाबाहेरचीच. कारीट फोडा, उटणं लावा, आणि फटाक्यासाठी उजाडेपर्यंत थांबा. अभ्यंगस्नानाच्या पुण्यात त्याने काही उणं येत नाही!

पुढचा मोठा निकाल २०१८ सालच्या ऑक्टोबरातला. त्याची सुरुवात मला फार हृद्य वाटते. २०१५ साली दिल्लीतल्या तीन तान्ह्या बाळांच्या नावाने, त्यांच्या वडिलांमार्फत, ही याचिका केलेली होती. ज्यांना अजून बोलताही येत नव्हतं, त्यांनी श्वास मागितला! न्यायालयाने फटाके सरसकट बंद केले नाहीत. शिवकाशीला हजारो कुटुंबांचं पोट या धंद्यावर आहे, त्याचाही विचार झाला. पण लडी बंद केल्या, बेरियमचे क्षार बंद केले, फोन किंवा संगणकावरून मागवून घरपोच फटाके घेणं बंद केलं, आणि दिवाळीला रात्री ८ ते १० अशी वेळ नेमून दिली. तमिळनाडूसारख्या ठिकाणी पहाटेची रीत असते, म्हणून दोन तास कोणते ते ठरवण्याची मुभा नंतर त्यांना दिली. २०२३ साली मुंबईची हवा बिघडली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानेही तिथल्यासाठी ८ ते १० हीच वेळ ठरवली.

आता हरित फटाक्यांविषयी. हे नागपूरच्या 'नीरी' या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेले. त्यांतून निघणारे धुराचे कण निदान ३० टक्क्यांनी कमी असतात. नीट ऐका हं, 'कमी' म्हणाले मी, 'नाहीत' असं नाही. दुकानदार "ताई, हा हरित आहे, घरातसुद्धा लावा" असं म्हणाला तर त्याला हसून नमस्कार करा. खऱ्या खोक्यावर नीरीची खूण आणि क्यूआर कोड असतो. तो फोनवर तपासून बघा. आणखी एक गंमत सांगते. फटाक्याच्या उजेडात जो हिरवागार रंग दिसतो, तो येतो बेरियममुळे, आणि बंदी आहे ती नेमकी त्याच्यावरच! तेव्हा हिरवा उजेड पाडतो म्हणून फटाका 'हरित' होत नाही.

आपण आयांनी जपून ठेवावी अशी एक गोष्ट पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने दाखवून दिली आहे. लहान मुलांच्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सगळ्यांत जास्त निघाला तो नागगोळीचा! हजारांच्या लडीपेक्षाही जास्त. आणि सगळ्यांत कमी भरला पावसाचा, म्हणजे अनाराचा. आपण मात्र "लहान आहे, नागगोळीच देऊ या, आवाज होत नाही" म्हणून बाळाला तिच्यावर ओणवं करतो. आवाज नाही म्हणजे अपाय नाही, असं मुळीच नाही. नानांची खिडकी ज्या व्हरांड्याकडे उघडते तिथे नागगोळी लावायची नाही, हा आमच्या घरचा कायदा त्या दिवसापासून झाला.

हे सगळं मी आमच्या इमारतीच्या भिशीत वाचून दाखवलं. लगेच एक वहिनी म्हणाल्या, "सगळे नियम आपल्याच सणांना का हो?" प्रश्न मनात येतो, तो दाबून ठेवण्यात अर्थ नाही. मी त्यांना सांगितलं, रात्री दहानंतरचा नियम बारा महिन्यांचा आहे, लग्नाच्या वरातीलाही आहे. २०१८ च्या निकालात नाताळ आणि नववर्षालाही रात्री ११.५५ ते १२.३० एवढाच वेळ दिला आहे. फुप्फुसाला कुठे कळतं, धूर कोणत्या सणाचा ते!

दुसऱ्या एकीचे दीर दरवर्षी फटाक्यांचं दुकान लावतात. त्या म्हणाल्या, "नियम पाळणारा मरतो हो. परवान्याला पैसे भरायचे, अंतर सोडायचं, आणि हातगाडीवाला पलीकडच्या गल्लीत बंदीची लड विकून मोकळा होतो." हे मात्र अगदी खरं. त्या निकालात भागातल्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखावर व्यक्तिशः जबाबदारी टाकली आहे. पण प्रत्येक हातगाडीमागे पोलीस कुठून येणार? तिथे पोलिसाच्या आधी पोचते ती आपली पिशवी. आपण लड घेतली नाही तर ती विकली जाणार नाही. पैसा आपल्या हातात असतो तेव्हा थोडा कायदाही आपल्या हातात असतो.

दिल्लीचा रस्ता वेगळा आहे. २०२४ च्या डिसेंबरात तिथे वर्षभरासाठी संपूर्ण बंदी आली, आणि २०२५ च्या दिवाळीत न्यायालयाने हरित फटाक्यांना ठरावीक दिवस, ठरावीक तास मोकळीक दिली. संपूर्ण बंदी बरी की मर्यादा बरी, यावर जाणत्यांचं एकमत नाही. माझं मत विचाराल तर, आहे तो नियम जरी प्रत्येक इमारतीने पाळला तरी निम्म्या खिडक्या उघड्या राहतील.

भिशीत अखेर ठरलं ते असं. फटाके मागच्या मोकळ्या जागेत, सगळ्यांचे एकत्र. न्यायालयानेही असा एकत्र कार्यक्रम करायचं सुचवलेलंच आहे. वेळ ८ ते १०. मुलांना अंगभर सुती कपडे, परकर-ओढणीचा घोळ नको. जवळ दोन बादल्या पाणी, एक बादली वाळू. न फुटलेल्या फटाक्यावर वाकून पाहायचं नाही, पाणी ओतायचं. भाजलंच तर टूथपेस्ट नाही, तूप-हळद नाही. वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरायचं, मग स्वच्छ सुती कापड झाकून डॉक्टरांकडे. डोळ्याला लागलं तर चोळू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी कागदाचा कचरा झाडून भरायचा, पेटवायचा नाही.

गेल्या दिवाळीत ते पुष्कळसं पार पडलं. सगळं नाही हो. अकराच्या सुमाराला समोरच्या इमारतीतून दोन रॉकेटं आलीच. पण आमच्याकडे दहाला पाच कमी असताना तिसरीतला माझा मुलगाच ओरडला, "चला, वेळ झाली!" त्याने नानांचं नाव घेतलं नाही. "आमच्या आजोबांना त्रास होतो" असं सांगून कोणाची कणव मागितली नाही. नियम होता, तो त्याने सांगितला, आणि कोणाला वाईटही वाटलं नाही. त्या रात्री नाना पंप एकदाच वापरून झोपले.

आपल्याला नियम म्हटला की हातात छडी घेतलेला मास्तर दिसतो. मला मात्र आता वाटतं, नियम म्हणजे आजारी माणसाची लाज राखणारी गोष्ट आहे. त्याला दारोदार जाऊन "जरा हळू हो" म्हणावं लागत नाही. ते आधीच कोणीतरी म्हणून ठेवलेलं असतं. तेव्हा यंदा फराळाच्या ताटाबरोबर शेजारी हे चार नियमही पोचवा. कुठल्यातरी बंद खिडकीमागे कोणीतरी वाट बघत असेल. ते तुम्हाला कधी सांगणार नाहीत, पण त्यांची दिवाळी गोड होईल.