बडा बागेच्या छत्र्यांमागे फिरणारी पाती

जैसलमेरला गेलात की किल्ला, हवेल्या आणि समच्या वाळूच्या टेकड्या पाहून होतातच. एक संध्याकाळ मात्र बडा बागेसाठी राखून ठेवा. शहरापासून सुमारे ६ किलोमीटरवर भाटी राजांच्या स्मरणार्थ बांधलेल्या पिवळ्या दगडाच्या छत्र्या आहेत. फोटोसाठी मोबाइल उचललात की मागे पवनचक्क्या हटकून येतात.

काहींना त्या खुपतात. मला नाही खुपत. कोळसा न जाळता वीज मिळते, आणि या जिल्ह्यात वारा आणि ऊन दोन्ही भरपूर. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट स्वच्छ विजेचं देशाचं उद्दिष्ट अशाच भागांच्या जिवावर उभं आहे. मग भांडण कशावरून?

पात्यांवरून कमी, तारांवरून जास्त. आपला माळढोक इथे ‘गोडावण’ म्हणून ओळखला जातो. तो राजस्थानचा राज्यपक्षी. अंगाने जड, डोळे बाजूला, त्यामुळे उडताना समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही. मादी बहुधा एकच अंडं घालते, म्हणून एकेक पक्षी मोलाचा. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं, पण आज जंगलातले बहुतेक माळढोक उरलेत ते जैसलमेरच्या माळांवरच. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. सरकार म्हणालं, एवढ्या मोठ्या भागात हे जमणार नाही. २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. हवामान बदलाच्या झळांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क आहे, हेही त्याच निकालात आलं. म्हणजे पर्यावरणाच्या विरोधात पर्यावरणच!

दुसरं भांडण जमिनीचं. देगराय मातेच्या ओरणात जा. ओरण म्हणजे आपल्याकडची देवराईच, फक्त घनदाट झाडीऐवजी खेजडी, बोर, गवत आणि चरणारे उंट. गावकरी त्याचा विस्तार ६० हजार बिघे सांगतात. पण अशी कितीतरी ओरणं महसुलाच्या दप्तरात सरकारी पडीक जमीन म्हणून नोंदलेली आहेत. पडीक म्हटलं की प्रकल्पाला देणं सोपं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या देवीच्या नावाने इथे कुऱ्हाड चालली नाही, तिचं नाव सातबाऱ्यासारख्या कागदावर नाही! म्हणून लोक पदयात्रा काढतात, न्यायालयात जातात. मागणी साधी आहे: आमच्या जमिनीपुढे ‘ओरण’ असं लिहा.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, गावातला माहीतगार सोबत घ्या. खेजडीच्या सावलीत खुशाल बसा, फांदीला मात्र हात लावू नका.