बासनातले कागद

आमच्या माजघरातील फडताळात लाल बासनांत बांधलेली तीन दप्तरे होती. पणजोबांचे वाडीचे हिशेब, सुपारीच्या विक्रीची टिपणे, बांधावरून झालेले तंटे, आप्तांची पत्रे, सर्व मोडीत. दसऱ्यास त्यांवर गंधफूल वाहावे व पुनः फडताळ लावून घ्यावे, एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध.

२०१८ साली गावच्या वाचनालयातील काही तरुण मंडळी आमच्याकडे आली. वाचनालयातील दुर्मिळ पुस्तके व घरोघरचे जुने कागद यांची छायाचित्रे घेऊन ती इंटरनेटवर सर्वांस खुली करावी, असा त्यांचा मानस होता. "मास्तर, कागद उंबऱ्याबाहेर नेणार नाही," असेही ते म्हणाले. परंतु घरची चीज चव्हाट्यावर कशास मांडावी, असे म्हणून आम्ही त्यांची चहावर बोळवण केली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. माजघरावरची कौले उडाली. दुसऱ्या दिवशी बासने सोडली, तो दोन दप्तरांचा लगदा झालेला! तिसऱ्याचे एकेक पान सूनबाईंनी जुन्या धोतराच्या घड्यांत घालून पडवीत वाळविले, म्हणून ते वाचले. ज्यांची वर्षानुवर्षे पूजा केली, त्यांचे रक्षण मात्र आम्ही केले नाही.

आमच्याजवळच रेवदंड्यास अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे. पंधराव्या शतकात तो चौलास उतरला होता. त्याच्या प्रवासवर्णनाची हस्तलिखित प्रत रशियातील एका मठात पडून होती. ती इतिहासकार करमझिन यांच्या दृष्टीस पडली व पुढे छापली गेली. म्हणून त्या काळचे चौल आज आपणांस दिसते. इकडे इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली व १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली. आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनेही 'ग्रंथसंजीवनी' या नावाने जुने ग्रंथ व वृत्तपत्रे संगणकावर उपलब्ध करून दिली आहेत. मूळ कागद नष्ट झाला तरी प्रत उरते, हे या सर्वांनी ओळखले होते.

वादळानंतर आम्ही आपण होऊन वाचनालयात गेलो. एका शब्दानेही कोणी मागील गोष्ट काढली नाही. आता आठवड्यातून दोन दिवस आम्ही तेथे बसतो. छायाचित्र मुले क्षणात घेतात. परंतु कागद कोणाचा, कोणत्या गावचा, कशाविषयी, हे लिहिल्यावाचून तो कोणास सापडावा कसा? ते काम मोडी वाचणाऱ्याचे. शकात ७८, पौष-माघ-फाल्गुनात बहुधा ७९, मिळवून आम्ही इसवी सन लिहितो. पुस्तके निवडताना लेखकास निवर्तून साठ वर्षे लोटली आहेत ना, हे पाहतो. कारण तोवर हक्क त्याच्या वारसांचा असतो. एखादा कर्जरोखा वा घरगुती कलहाचे पत्र निघाले, तर त्या घरच्या वडीलधाऱ्यांस विचारल्यावाचून ते खुले करीत नाही. आमचा पूर्वीचा संकोच अगदीच निराधार नव्हता. त्यावर उपाय विचारपूस हा होता, कुलूप हा नव्हे.

परवा नातवाने आमच्या पणजोबांची सही संगणकावर ओळखली. त्या सहीचा मूळ कागद तिसऱ्या दप्तरातला. पहिल्या दोहोंत काय होते, हे त्यास सांगावयास आमच्यापाशी काही नाही.

वाचकांस एवढीच विनंती, की येत्या दसऱ्यास बासनांवर फूल वाहण्यापूर्वी ती एकदा सोडून पाहावी.